संत्र्यांची एकसर

मृग बहाराचा तोडा आटोपला, की बांधावर उरतात ती बारकी, डागी, व्यापाऱ्यानं बाजूला सारलेली संत्री. फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचीनं त्यातली चार उचलून ओसरीवर ओळीनं मांडली होती. लाईट गेलेली. शेजारी जस्ती खिळे, तांब्याची तार, दिवाळीच्या माळेतला एक लाल एलईडी आणि शाळेचं हिंदी पुस्तक.

"सगळं बरोबर लावलं, मामाजी. पेटतच नाही नं!"

तार हातात घेतली आणि कळलं. ती विहिरीवरच्या जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगची होती. गेल्या उन्हाळ्यात एक फेज उडाला, उरलेल्या दोघांवर मोटर ओढत राहिली आणि आतली वेटोळी काळी पडली. त्यातला एक बरा तुकडा भाचीनं जपून ठेवलेला. अशा तारेवर वार्निशचं पातळ कवच असतं. दिसायला ते तांब्यासारखंच, म्हणून फसगत होते. ते नसतं, तर एकमेकींना चिकटून बसलेल्या वेढ्यांमधून वीज वळसे न घेता आडवीच निघून गेली असती. मी ब्लेडनं टोकं खरवडली. खाली ताजं, गुलाबी तांबं निघालं.

प्रत्येक संत्र्यात एक खिळा, एक तार, एकमेकांना न टेकता. या संत्र्याचा खिळा पुढच्याच्या तारेला, त्याचा खिळा त्याच्या पुढच्याच्या. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे, आखूड जस्ताकडे.

राखेखालच्या निखाऱ्याएवढा एक लाल ठिपका उमटला. भाचीनं श्वास रोखून त्याभोवती ओंजळ धरली. तिच्या तळहाताच्या रेषा लाल दिसू लागल्या.

तिच्या पुस्तकात या जोडणीला 'श्रेणीक्रम' म्हटलंय. आम्ही मराठीत शिकलो ती 'एकसर जोडणी'. सौंसर-पांढुर्ण्याच्या या पट्ट्यात मुलं शाळेत एक शब्द शिकतात आणि घरी दुसरा बोलतात, दोन्ही त्यांचेच. पण एकसर म्हणजे एकपदरी माळ, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. कारण त्या शब्दात सारं गणित ओवलेलं आहे. एका संत्र्याचा दाब जेमतेम 0.9 व्होल्ट. लाल एलईडीला पावणेदोन-दोन व्होल्ट हवेत, त्यामुळे एकट्या फळाचं काम नाही. एका सरीत ओवली की दाबांची बेरीज होते: चारांचे साडेतीनच्या आसपास. इटलीत व्होल्टानं 1800 साली हेच केलं होतं. धातूंच्या चकत्यांच्या जोड्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, एकावर एक रचून उतरंड. त्याच्याच नावानं आपण व्होल्ट मोजतो.

मग तिला टॉर्चचा जुना बल्ब लावायचा होता. तो ढिम्म. दाब होता, पण संत्र्याच्या रसातून वाट फार अरुंद. टाकी उंचावर असली तरी नळी सुतासारखी असेल, तर वाफा भिजत नाही. बल्बला शेकडो मिलिअँपिअरची धार लागते, संत्र्यांकडून एकही धड सुटत नाही. दाब भागिले अडथळा म्हणजे धारा, हा ओहमचा 1827 चा नियम आमच्या ओसरीवर असा भेटला.

"आता हा काढून पाहते." एलईडी परत लावून तिनं मधलाच एक खिळा उपसला आणि चारही संत्री एकदम मुकी झाली. बाकीची तीन शाबूत होती, पण परतीची वाट तुटली होती. खिळा परत खोचला, तसा ठिपकाही परतला. इथेच वीज पाण्याहून वेगळी. पाटाचं पाणी झाडाच्या आळ्यात मुरतं आणि संपतं. वीज निघाली तिथे परत पोचू शकली नाही, तर निघतच नाही. बोर्डात दोन तारा असतात त्या यासाठीच. गावाजवळून रेल्वेची छोटी लाईन जायची, तिथे आता विजेची गाडी धावते. वर 25,000 व्होल्टची एकच तार दिसते, दुसरी कुठे, असं भाचीनं विचारलं. चाकांखाली, रुळांतून. मोटरचं तर मला आजही नवल वाटतं. तीन तारा, परतीची न्यूट्रल नाही. एकीतून येते तेव्हा इतरांतून परतते, आणि तिघींचा हिशेब क्षणोक्षणी शून्याला मिळतो. एक तुटली की उरलेल्या दोघींत भलती धारा वाहते. तसंच जळालं होतं ते तांबं.

एक गोष्ट तिला पटायला वेळ लागला. खांबावरून कुणी इलेक्ट्रॉन चालत आपल्या विहिरीपर्यंत येत नाही. तारेतले तारेतच, सेकंदाला 50 वेळा पुढेमागे थरथरतात. दुरून येतो तो रेटा.

"मग संत्र्यातले?"

ते तारेतून एकाच दिशेनं जातात, अतिशय सावकाश.

साडेदहाला थ्री फेज वीज आली. ओसरीचा बल्ब लागला आणि एलईडीचा ठिपका दिसेनासा झाला. भावजींनी पायात बूट चढवले, टॉर्च घेतला. थोड्या वेळानं विहिरीकडून मोटरची घरघर ऐकू आली.

"ही संत्री खायची नाहीत हं, जस्त उतरलंय त्यांत," मी म्हणालो. भाचीनं एक खिळा फ्रॉकला पुसून उजेडात धरला. वरचा अर्धा चकचकीत होता. रसात बुडालेला अर्धा करडा, खरबरीत झालेला. तिनं त्यावरून नख फिरवलं, आणि खिळा पुस्तकाच्या त्याच पानात ठेवला.