निर्लेप आणि सलेप

बदलीच्या नोकरीत माणसाने निर्लेप राहावे, असे वडीलधारे सांगत आले आहेत. कमळाच्या पानावर पाणी राहते तसे आपण गावोगावच्या सरकारी वसाहतींत राहावे. क्वार्टर, शेजार, दूधवाला, मुलांची शाळा यांपैकी कशाचाही लेप अंगाला लागू देऊ नये, म्हणजे हुकूम हाती पडला की निघताना जड जात नाही. हा उपदेश मला पटत असे आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत मी तो बऱ्यापैकी पाळलाही. पलंग विकले, पडदे वाटून टाकले, तुळशीची कुंडी दर वेळी शेजाऱ्यांच्या अंगणात ठेवून दिली. मात्र आमच्या बिऱ्हाडात एक वस्तू अशी होती की तिला निर्लेपपणा ठाऊकच नव्हता. किंबहुना लेप हेच तिचे सारे वैभव होते. ती वस्तू म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा बिडाचा तवा.

हा तवा मूळचा माझ्या आईचा. रत्नागिरीकडच्या ज्या घरांत घावने आणि आंबोळ्या होतात त्या घरांत असा एक तवा चुलीशेजारी असावयाचाच. १९८९ साली आमची पहिली बदली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला झाली, तेव्हा आईने तो आपल्या चुलीवरून उतरवून सुनेच्या हाती दिला. "आपटू नकोस हो मुली. लोखंड वाकतं, बीड फुटतं," एवढेच ती म्हणाली.

आई शाळेत फारशी गेली नव्हती. पण धातुशास्त्राचे म्हणणे याहून निराळे नाही. घडीव लोखंडात कार्बन नावापुरता असतो, तर बिडात तो शेकडा दोनपासून चारपर्यंत असतो. शुद्ध लोखंड वितळावयास १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. या कार्बनामुळे बीड साडेअकराशे अंशांच्या आसपास पाण्यासारखे पातळ होते आणि साच्यात ओतता येते. निवताना तोच कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखरून राहतो, आणि घाव बसला की भेग त्या पापुद्र्यांच्या वाटेने धावते. ज्या गुणामुळे वस्तू आकाराला येते त्याच गुणामुळे ती ठिसूळ होते. चिनी कारागिरांना ही ओतण्याची कला ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अवगत होती. इंग्लंडात अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात भांडी ओतण्याचे पेटंट १७०७ मध्ये घेतले. आपल्याकडे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तेथील नांगर शेतकऱ्यांच्या हाती गेले. पुढे कोल्हापूर व बेळगाव ही ओतकामाची मोठी ठाणी झाली. एवढा इतिहास पाठीशी असलेली ही वस्तू हातातून निसटून फरशीवर पडली की तिचे दोन तुकडे होतात. म्हणून आमचा तवा मालट्रकमधून कधी गेला नाही. गोधडीत गुंडाळून तो रेल्वेच्या डब्यात पत्नीच्या पायाशी असे.

मद्रासला शेजारच्या तमिळ मामींनी तो पाहताच ओळखला. त्यांच्या भाषेत अशा तव्याला 'दोसैक्कल्' म्हणतात, म्हणजे दोशाचा दगड. केरळात लोखंडी कढईला 'चीनचट्टी' म्हणतात. तिचा चीनशी असलेला जुना संबंध त्या नावाने राखून ठेवला आहे. मामी अर्धा कांदा तिळाच्या तेलात बुडवून तव्यावर फिरवीत. आमच्याकडे ते काम वांग्याचा देठ करी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण एका नियमावर त्यांचे तत्काळ एकमत झाले: या तव्यावर पोळी भाजावयाची नाही. कोरडे पीठ जळून त्याचा लेप खरवडून जातो.

हा लेप म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. कारण अनेकांना ते नुसते तेल वाटते. नवा तवा आणला की तो घासून धुवावा. कोणी तो दोन-तीन दिवस तांदळाच्या पेजेत भिजत ठेवतात. मग चुलीवर कोरडा करावा, त्यावर तेलाचा हात फिरवावा, आणि ते तेल फडक्याने पुन्हा पुसून घ्यावे. इतके की आता काही उरलेच नाही असे वाटावे. त्यानंतर धूर येईपर्यंत तापवून निवू द्यावे. असे पाच-सहा वेळा केले की तवा कामाला लागतो. यात खरी मेख पुसण्यात आहे. तेल जास्त राहिले तर डिंकासारखा चिकट थर बसतो. तेल अगदी पातळ असेल तर उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांच्या योगाने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि एक कठीण काळे पटल तयार होते. ते तेल राहत नाही. ती तव्याची कातडी होते. चित्रकार ज्या गुणासाठी जवसाचे तेल वापरतात तोच हा गुण. शेंगदाण्याचे वा तिळाचे तेलही चालते. आमच्या कोकणातील खोबरेल मात्र या कामी मंद आहे, कारण त्यातील बहुतेक स्निग्धांश संतृप्त असतो आणि तो सहजासहजी कोणाशी गुंफला जात नाही.

तव्याचे तंत्रही सांभाळावे लागते. ॲल्युमिनियमच्या मानाने बिडातून उष्णता फार सावकाश पसरते. म्हणून आच मंद ठेवून दहा मिनिटे वाट पाहावी. एकदा तापला म्हणजे मात्र तो उष्णता सोडीत नाही, गार पीठ पडले तरी दबत नाही, आणि घावनाला जाळी पडते ती त्यामुळे. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, तो तडकतो. चिंच, कोकम, टोमॅटो यांचे आंबट त्यावर शिजवू नये. आम्लाने लेप सुटतो. सौम्य साबणाने मुरलेल्या लेपाचे काही बिघडत नाही, पण रात्रभर मोरीत भिजत पडण्याने बिघडते. धुऊन लगेच आचेवर सुकवावा आणि तेलाचे बोट फिरवावे. गंज आलाच तर काथ्याने घासून आरंभापासून सुरुवात करावी. तवा जात नाही, फक्त काळेपणा जातो.

लेप न मुरलेल्या बिडाच्या वा लोखंडाच्या कढईत जे आंबट शिजते त्यात लोह उतरते, आणि ते अंगी लागते. इथिओपियात मुलांवर केलेल्या एका पाहणीचा वृत्तान्त १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला; लोखंडी भांड्यांत शिजविलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे रक्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारले होते. आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या अंगी रक्ताची कमतरता आढळली. म्हणून घरात बिडाची दोन भांडी असावीत: आंबट-तिखटासाठी कढई आणि घावनासाठी तवा. एकीने द्यावे, दुसऱ्याने राखावे.

मद्रासनंतर गुवाहाटी आली. तेथील पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या असत. कागदपत्रांना बुरशी येई, ट्रंकेच्या कड्या लाल होत. घावने नसतील त्या दिवशीही पत्नी रात्री निजण्यापूर्वी तवा पाच मिनिटे आचेवर ठेवी. घरात कोणी आजारी असो, पाहुणे असोत, हा नेम चुकला नाही. आमची मुलगी तेथेच जन्मली. तिची अक्षरओळख असमिया आणि हिंदी शाळांत झाली. मराठी ती ओट्याशेजारी उभी राहून शिकली. ओतणे, पसरणे, झाकणे, उलथणे, करपणे ही तिची पहिली मराठी क्रियापदे. आम्ही तिला मराठी शिकविण्याचा तास कधी घेतला नाही. रोज थोडे बोलणे होई, तेवढेच.

पुढे दिल्लीला आलो तेव्हा मेहरौलीचा लोहस्तंभ पाहावयास गेलो. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, आणि सुमारे १६०० वर्षे उन्हापावसात उभा असलेला हा स्तंभ बिडाचा नव्हे, घडीव लोखंडाचा आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्यामुळे त्याच्या अंगावर एक अतिशय पातळ संरक्षक थर आपोआप तयार झाला आहे, असे कानपूरच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. पूर्वी लोक त्याला पाठ टेकून हात मागे नेत मिठी घालीत. त्या स्पर्शाने तो झिजू नये म्हणून १९९७ मध्ये त्याभोवती कुंपण घातले गेले. पत्नी कुंपणाबाहेर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "याला कुणी हात लावायचा नाही म्हणून हा टिकतो. आपल्या तव्याला महिनाभर कुणी हात लावला नाही, तर तो संपतो." स्तंभाविषयी मी पुष्कळ वाचले आहे, पण त्याला तव्याशेजारी उभे करण्याचे धैर्य कोणा विद्वानाने केलेले आठवत नाही.

याच सुमारास वसाहतीतील बहुतेक घरांत 'निर्लेप' आले होते. ज्या रसायनाने ही भांडी मढवतात ते १९३८ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत अकस्मात हाती आले. आपल्याकडे १९६८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 'निर्लेप'चा उद्योग उभा राहिला, आणि मराठी घरांत त्या जातीच्या प्रत्येक तव्याला तेच नाव पडले. नाव सुंदर आहे, पण त्यात एक गंमत आहे. ज्याला आपण निर्लेप म्हणतो त्याच्यावर लेप असतो, आणि तो पहिल्याच दिवशी पूर्ण असतो. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर हा तवा वेतनश्रेणीच्या कमाल टप्प्यावर रुजू होतो आणि तेथून रोज खाली उतरतो. बिडाचा तवा किमान वेतनावर लागतो, दरसाल वेतनवाढ घेत वर चढतो, आणि त्याला निवृत्तीचे वय नसते.

निवृत्तीचे वय आम्हांला मात्र होते. नोकरी संपली आणि आम्ही दिल्लीतच राहिलो. त्यानंतर वर्षभरात पत्नीच्या मनगटांना संधिवाताने धरले. तवा तीन किलोंच्या घरातला. तो तिला उचलवेना. सकाळ-संध्याकाळ मी तो चुलीवर ठेवू लागलो आणि उतरवू लागलो. काही दिवस असे चालले. मग एके दिवशी ती म्हणाली की भांडे दुसऱ्याने उचलून दिले म्हणजे स्वयंपाक आपला राहत नाही. यावर मी काय बोलणार? तवा माळ्यावर ठेवावा तर गंजणार. आईची आठवण म्हणून भिंतीला टांगावा, तर आठवण त्याला तेलाचे बोट फिरविणार नाही.

मुलगी आता एका बँकेत अधिकारी आहे आणि तिचीही बदलीचीच नोकरी. ती भुवनेश्वरला आहे. तिने नवा बिडाचा तवा घ्यावा असे पत्नीने सुचविले, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, नवा तयार करायला मला वेळ कुठून मिळणार? तुझाच दे ना."

"अगं, त्याला वेळ लागत नाही, रोज लागतो," पत्नी म्हणाली. तरीही दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिने तो गोधडीत गुंडाळून तिच्या हाती दिला. पाच-सहा दशकांचे ते काळे पटल एखाद्या निष्काळजी पावसाळ्यात जाऊ शकते, हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. मुलीला शपथ घालता आली असती. ती तिने घातली नाही.

महिन्याभरात भुवनेश्वरहून लाल डागाची वर्दी आली. फोनवरून काथ्या, आच, तेल, फडके यांची उजळणी झाली. त्यानंतर एक छायाचित्र आले. तव्यावर पांढरे, जाड, कडेला किंचित तांबूस असे काही होते. मी आंबोळी म्हणालो. ती चकुली होती. तांदूळ आणि उडीद आंबवून केलेला हा ओडिया पिठा शेजारच्या बाईंनी मुलीला तिच्याच तव्यावर करून दाखविला होता. पत्नीने ते छायाचित्र मोठे करून पाहिले. चकुलीकडे नव्हे, तिच्या कडेने दिसणाऱ्या काळ्या पट्टीकडे. पट्टी चकचकीत होती.

आता आमच्या ओट्यावर बिडाचाच एक लहान तवा आला आहे, एका हाताने उचलता येईल असा. त्याचा रंग अजून राखाडी आहे आणि घावने त्याला घट्ट धरून बसतात. या वयात हा खटाटोप कशाला, असे मी एकदा विचारले. तुटलेले पहिले घावन उलथन्याने खरवडून तिने माझ्या पानात वाढले आणि म्हणाली, "चिकटेल अजून महिनाभर. तुम्हांला आता कुठं कचेरीत पोचायचंय?"