लाँग पाँडवरचं बोयबेरिक

न्यूयॉर्कहून उत्तरेला जाणाऱ्या गाडीत डावीकडची खिडकी पकडावी, म्हणजे हडसन नदी जवळजवळ सगळी वाट सोबत करते. ऑसिनिंगला रूळ चक्क सिंग सिंग तुरुंगाच्या आवारातून जातात. मग डोंगर जवळ येतात, पलीकडच्या तीरावर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी दिसते आणि कोल्ड स्प्रिंग स्टेशन न थांबताच मागे पडतं. इथल्या डोंगरात १९०२ मध्ये सरप्राइज लेक कॅम्प सुरू झाला. लोअर ईस्ट साइडच्या कोंदट चाळींतल्या ज्यू पोरांना उन्हाळ्यात पोटभर जेवण आणि मोकळी हवा मिळावी, एवढाच हेतू. पुढे विनोदी नट म्हणून गाजलेला एडी कँटर हा तिथलाच एक पोरका मुलगा.

मला जायचं होतं त्या कॅम्पमध्ये हवेइतकीच भाषाही महत्त्वाची होती. रायनक्लिफला उतरून टॅक्सीने रायनबेक गाव ओलांडलं की थोड्या वेळाने झाडीतून लाँग पाँड हे तळं दिसू लागतं. या काठावर १९२३ मध्ये जमीन घेऊन कॅम्प बोयबेरिक वसला आणि १९७९ पर्यंत दर उन्हाळ्याला भरत राहिला. तो चालवणारी शोलेम अलेइखेम फोक इन्स्टिट्यूट न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठी यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या शाळाही चालवत असे. मुलं दिवसभर सरकारी शाळेत इंग्रजी शिकत आणि नंतर या शाळांत घरची भाषा. न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी शाळेत पोरांना गाडीतून ओढत नेणाऱ्या आईबापांना हा उद्योग ओळखीचा वाटेल.

कॅम्पचं नाव मला फार आवडतं. ‘फिडलर ऑन द रूफ’मधला दूधवाला टेव्हिया ज्या कथांमधून आला, त्या यिडिश लेखक शोलेम अलेइखेम यांच्या कथांतलं बोयबेरिक म्हणजे श्रीमंतांचं उन्हाळी बंगल्यांचं गाव. लाकडं वाहणारा टेव्हिया जंगलात वाट चुकलेल्या दोन बायकांना गाडीतून तिथे पोचवतो, बक्षिसात त्याला एक दुभती गाय मिळते आणि त्याचा दुधाचा धंदा सुरू होतो. त्याने ज्या दारांवर लोणी-चीज विकलं, त्या गावाचं नाव अमेरिकेत त्याच्याच जातकुळीच्या कष्टकऱ्यांनी आपल्या पोरांच्या कॅम्पला दिलं. ही थट्टा त्यांनी नक्कीच जाणूनबुजून केली असणार.

अनेक वर्षं कॅम्पचा कारभार लाइबुश लेहरर या शिक्षणतज्ज्ञाच्या हाती होता. धर्माचा जाच नको आणि पक्षाचा झेंडाही नको, असा त्यांचा खाक्या. त्या काळात हे सोपं नव्हतं. याच परगण्यातल्या सिल्व्हन लेकवर एका काठाला डाव्यांचा किंडरलँड कॅम्प होता. डाव्यांत फूट पडली तेव्हा वर्कमेन्स सर्कल या ज्यू कामगार संघटनेने समोरच्या काठावर किंडर रिंग उभा केला. एकच तळं, एकच भाषा आणि दोन कॅम्प! आपल्याकडच्या साहित्य संस्था पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

बोयबेरिकचा मोठा दिवस मोसमाच्या शेवटी येई. ‘फेलकर योमतेव’ म्हणजे जगातल्या लोकांचा सण. मुलं गटागटाने वेगवेगळ्या देशांचे वेश करत, त्यांची गाणी म्हणत, नाच करत आणि शेवटी सारे देश एकत्र येत. महायुद्धाआधी जगात १ कोटीहून अधिक लोक यिडिश बोलत होते. नाझींनी मारलेल्या ६० लाख ज्यूंपैकी बहुसंख्य हीच भाषा बोलणारे. त्यानंतरही इथे दर ऑगस्टमध्ये सगळ्या देशांना एकत्र आणत राहणं, याला मी भाबडेपणा म्हणणार नाही.

भाषा मात्र कॅम्पला वाचवता आली नाही. गाणी यिडिश राहिली, पण तळ्यात पोहताना पोरं एकमेकांना हाका मारत त्या इंग्रजीतच. दोन महिन्यांच्या सुट्टीकडून याहून जास्त मागणं अन्याय्यच आहे.

आज इथे ओमेगा इन्स्टिट्यूट आहे: योग, ध्यान, शाकाहारी जेवण आणि फी भरून आलेली मोठी माणसं. जुन्या कॅम्पच्या जागेत हिंडताना पाटी दिसते ‘राम दास ग्रंथालय’. समर्थांशी संबंध नाही. हे राम दास म्हणजे बॉस्टनच्या ज्यू घरात जन्मलेले रिचर्ड अल्पर्ट, नीम करोली बाबांचे शिष्य.

ओमेगाच्या संस्थापकांचे प्रेरणास्थान होते सूफी गुरू पीर विलायत इनायत खान. त्यांचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे नातू. पीर विलायत यांची बहीण नूर ब्रिटिशांची हेर म्हणून व्याप्त फ्रान्समध्ये गुप्तपणे वायरलेस चालवत होती. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला दाखाउच्या छळछावणीत गोळी घालण्यात आली. बोयबेरिकच्या मुलांची आजोळं ज्या राजवटीने पुसून टाकली, तिनेच नूरलाही मारलं.