हिरोहाताची मर्क्युरी

जानेवारी 2022 मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथे एक जुनी मोटार लिलावात निघाली आणि जवळपास वीस लाख डॉलरला गेली. मोटार 1951 ची मर्क्युरी. 1952 मध्ये बॉब हिरोहाता या तरुणाने ती कॅलिफोर्नियातल्या सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांकडे दिली. त्यांनी छत कापून खाली आणलं, खिडक्यांमधले खांब काढले, फिकट हिरवा रंग चढवला. पुढे 1959 मध्ये एका शाळकरी मुलाने ती 500 डॉलरला घेतली आणि आयुष्यभर सांभाळली.

मला मात्र किमतीपेक्षा नाव खुणावतं. हिरोहाता जपानी वंशाचा. 1942 मध्ये अमेरिकेने सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. दहाच वर्षांनी, त्याच कॅलिफोर्नियात, तसलंच एक आडनाव एका देखण्या अमेरिकन मोटारीला कायमचं चिकटलं. आजही ती 'हिरोहाता मर्क' म्हणूनच ओळखली जाते.

आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलताना मी अनेकदा पाहिलाय. म्हणून त्या लिलावात मला पत्र्याहून मोलाचं वाटलं, ते शौकिनांनी इतकी वर्षं कौतुकाने घेतलेलं ते परकं नाव.