आजीची साद आणि तिचे पडसाद

शाळेच्या स्नेहसंमेलनात हिरकणीची नाटिका बसवावयाचे ठरले, तेव्हा पार्श्वध्वनीचे काम आम्हां दोघां भावंडांकडे आले. रायगडाचा कडा उतरणाऱ्या त्या गवळणीने तान्हुल्याला घातलेली साद दरीतून घुमत यावी, एवढीच गुरुजींची अपेक्षा होती. साद कोणाच्या आवाजात घ्यावी, याचा मात्र आम्हांला विचार करावा लागला नाही. आम्ही हाक मारली की आजी स्वयंपाकघरातून ओ देत असे, "आले रे सोन्या, आले!" हे शब्द मोबाईलवर मुद्रित झालेले होते. उणीपुरी चार सेकंदे. आजीला जाऊन दोन वर्षे झाली, आणि तिचा दुसरा आवाज घरात कोठेही नाही.

संगणकावर पडसाद उठविणे फारसे अवघड नाही. 'डिले' नावाची सोय आवाज क्षणभर धरून ठेवते व मग सोडते. सोडलेल्यातला काही भाग पुन्हा तिच्याच तोंडी घालावयाचा, यास 'फीडबॅक' म्हणतात. शंभरांपैकी ७० भाग परत घातले, तर पहिल्या पडसादामागून येणारा ७०, त्यामागचा ४९, त्यामागचा ३४, असा आवाज उतरत जातो. येथवर ठीक झाले. परंतु ती दरी काही दरी वाटेना. आजी तेच वाक्य दहा वेळा बोलते आहे, असेच वाटे. म्हणून आम्ही फिल्टर, म्हणजे उंच कंपने अडविणारी गाळणी, आणली. आणि ती फेऱ्याच्या आत लावावी की बाहेर, यावरून आमचे भांडण जुंपले.

भांडण मिटले ते बाजाच्या पेटीमुळे. आम्ही पेटीचा सा मुद्रित केला आणि गाळणीच्या जागी स्वर अर्ध्या पायरीने चढविणारे साधन ठेवले. ते फेऱ्याबाहेर असता प्रत्येक पडसाद कोमल रे म्हणून आला. कितीही वेळ थांबा, कोमल रेच. तेच साधन फेऱ्यात ठेवताच पहिला पडसाद कोमल रे, दुसरा शुद्ध रे, तिसरा कोमल ग, असे करीत बारावा नेमका तार सा! परतणारा आवाज प्रत्येक वेळी त्याच दारातून जातो, आणि दार प्रत्येक वेळी आपला कर वसूल करते. १९६९ साली ॲल्विन ल्यूसिए या अमेरिकन संगीतकाराने एका खोलीत बसून केलेले स्वतःचे बोलणे मुद्रित केले, ते त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केले, आणि असे करीतच राहिला. अखेर शब्द नाहीसे होऊन खोलीचाच नाद उरला. तेथे खोलीच फेऱ्यात बसली होती.

आमच्या डिलेत आतील साधनासाठी जागा नव्हती. तेव्हा 'रीपर' या आज्ञावलीत आम्ही दोन पट्ट्या घेतल्या. पहिलीवर एकच पडसाद देणारा डिले. तिचा आवाज दुसरीकडे, दुसरीवर गाळणी, आणि तिचा आवाज पुन्हा पहिलीकडे. अशा वळशाला ही आज्ञावली आपण होऊन परवानगी देत नाही. प्रकल्पाच्या मांडणीत जाऊन ती मागावी लागते. मोठा आवाज होण्याचा संभव आहे, असा इशाराही तेथेच दिलेला असतो. तो आम्ही वाचला, आणि पुढे गेलो.

फेऱ्यात आवाज किंचित भरदार करावा म्हणून आम्ही तो दहा टक्क्यांनी वाढविला. परत जाणारा भाग ९५ टक्के होता. ०.९५ गुणिले १.१ म्हणजे १.०४५; दिसावयास केवढेसे! पण ४०० मिलिसेकंदांचा एक फेरा धरला तर वीस सेकंदांत पन्नास फेरे होतात, आणि आवाज नऊपट होतो. आजीचे "आले, आले" गर्जत सुटले, शेजारच्या काकू पळी हातात घेऊनच धावत आल्या. तेव्हापासून फेऱ्याच्या शेवटी आम्ही लिमिटर ठेवतो. त्याच्या मर्यादेपलीकडे आवाजाला जाता येत नाही. (या वळशात संगणकही थोडा वेळ खातो. ५१२ नमुन्यांची तुकडी असल्यास सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने प्रत्येक फेऱ्यास सुमारे १२ मिलिसेकंद. दरीला ते चालते, तबल्याच्या ठेक्याला चालणार नाही.)

मग वाढ काढून टाकून आम्ही नुसती गाळणी फेऱ्यात ठेवली. ती सौम्य होती, २,००० कंपनांपासून पुढे अडविणारी. ४,००० कंपनांचा आवाज पहिल्या फेऱ्यात ४५ टक्के उरतो, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ९. 'स' हा वर्ण बहुतेक त्याच्याही वर राहतो, त्यामुळे सर्वांआधी तोच गेला. पाठोपाठ शब्दांच्या कडा झिजल्या, आणि शेवटी 'आ' आणि 'ओ' एवढेच दुरून येत राहिले. दरी हुबेहूब झाली होती. आम्ही खूष झालो. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "सोन्या म्हणणं गेलं रे तिचं."

गाळणी बाहेर काढून पाहिली. सगळे शब्द सारखेच मंद, आणि दरीही गेली. अखेर गाळणी आतच ठेवली, मात्र तिसऱ्या पडसादानंतर परतीचा मार्ग बंद केला. मूळ चार सेकंदे एका वेगळ्या जागी, कसलेही साधन न लावता, जपून ठेवली आहेत.

नाटिका झाली. तिसऱ्या पडसादातही 'सोन्या' स्पष्ट ऐकू आले, असे आई म्हणते. आम्हांला ते ऐकू आले नाही.