अर्धपगारी

किरकोळ, वैद्यकीय, अर्जित, असाधारण, अर्धपगारी. रजेचे हे प्रकार कुठल्याही गुरुजीला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. त्यातलं शेवटचं माझं टोपणनाव आहे. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेला मी जरा उशिरा पोचलो की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "आले का अर्धपगारी?" आणि चार जण चहाच्या कपात बघत हसतात. मीही हसतो. मार्च २०२३ च्या संपानं दिलेली ही पदवी आहे, आणि नाव ठेवणाऱ्याचा हिशोब पक्का होता. संपाच्या आठवड्यात कामाचे दिवस सहा. तीन दिवस मी शाळेत होतो, तीन दिवस संपात.

येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते पाचवी, एकतीस लेकरं. मी येरमाळ्यातूनच मोटारसायकलवर जातो. माझी बायको दुसऱ्या गावी शिक्षिका. घरात दोन पगार, दोन पेन्शनी असं लोक म्हणतात. खरं तर एक पेन्शन आहे आणि एक कपात. मी २००१ ला लागलो, ती २००९ ला. मधे एक तारीख येते : १ नोव्हेंबर २००५. त्या दिवशी किंवा नंतर जो सेवेत आला त्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दरमहा दहा टक्के कापायचे, सरकारनं आपला वाटा घालायचा, पैसा बाजारात फिरणार आणि निवृत्तीच्या दिवशी बाजार जे देईल ते घ्यायचं, असा तेव्हाचा नियम. मी निवृत्त झालो की शेवटच्या मूळ पगाराचा निम्मा मरेपर्यंत, वर महागाई भत्ता. तीच पुस्तकं, तीच हजेरी, तीच खिचडीची नोंदवही. फरक आठ वर्षांचा.

या नियमाचा शासन निर्णय निघाला ३१ ऑक्टोबर २००५ ला, अंमल दुसऱ्याच दिवसापासून. मला चांगलं आठवतं, कारण मी तेव्हा खूश झालो होतो. आपण आत सापडलो, दार नंतर बंद झालं! जे अजून नोकरीला लागलेच नव्हते त्यांच्यासाठी कोण भांडणार? मी तर नाहीच.

२०२३ ला मात्र हवा तापली होती. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी जुनी पेन्शन परत देण्याचे निर्णय घेतले होते. फेब्रुवारीत नागपूर शिक्षक मतदारसंघात विद्यमान आमदार पडले, तेव्हा पेन्शननं पाडलं असं सगळे म्हणाले. (त्या निवडणुकीत आम्हा प्राथमिकवाल्यांना मतच नसतं, पण चर्चा आमच्याकडेच जास्त.) १४ मार्च, मंगळवारपासून बेमुदत संप ठरला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या आल्या. सह्यांचा कागद घेऊन आमच्याच शाळेतले दुसरे सर माझ्या टेबलाशी उभे राहिले. ते २०१० चे. मी म्हणालो, "उद्या करतो." त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तुम्हाला काय, तुमचं भागलंय."

माझं भागलं होतं हे खरंच. पण मी थांबलो ते तेवढ्यासाठी नव्हे. निदान तसं मला वाटत होतं.

पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. ही लेकरं दुसरीत असताना कोरोना आला. दोन वर्षं शाळेचं कुलूप आणि मोबाईलवरचा अभ्यास; मोबाईल म्हणजे बापाबरोबर शेतात जाणारा. पाचवीत आली तेव्हा हातचा घेऊन बेरीज येत नव्हती. त्यातली पाच जण मी तुळजापूरच्या नवोदयसाठी बसवली होती, परीक्षा २९ एप्रिलला. आणि मार्च म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांची परत यायची वेळ. एक मुलगी फडावरून येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. अक्षरं ओळखत होती, पण जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघायची. बेमुदत शब्दाला शेवटची तारीख नसते. हिला काय सांगू, पुन्हा घरी बस?

वडिलांना विचारलं. ते तहसीलमध्ये कारकून होते. १९७७-७८ मधला, कर्मचाऱ्यांचे नेते र. ग. कर्णिक यांचा चोपन्न दिवसांचा संप त्यांनी काढलेला. घरात ज्वारीची पोती होती म्हणून निभावलं, असं आई सांगायची. ते ओसरीवर पान लावत म्हणाले, "जायचं तर पहिल्या दिवशी जायचं. नाहीतर जायचं नाही." झालं, एवढंच. बरोबर काय, चूक काय, यावर एक शब्द नाही.

बायको तेवढ्यावर थांबणारी नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या मागं मला पेन्शन आहे. मला काही झालं तर तुम्हाला काय आहे? करा की हिशोब, गणित तुम्हीच शिकवता." मी हिशोब केला नाही. करायला फार वेळ लागला नसता.

मंगळवारी सकाळी ती टोपी पिशवीत घालून कळंबच्या गाडीत बसली, मी शाळेकडे निघालो. फाट्यापर्यंत दोघं एकाच मोटारसायकलवर.

एकतीसपैकी एकोणीस लेकरं आली. "आज शाळा हाय का न्हाई?" असं दारातूनच विचारत. एकट्यानं पाच वर्ग म्हणजे वर्ग नसतात, जत्रा असते. तरी खिचडी शिजली. फडावरून आलेल्या मुलीनं 'पत्र' हा शब्द वाचला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

बुधवारी दुपारच्या आत तीन मोटारसायकली आल्या. सहा जण. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. व्हरांड्यात बसले, लेकरांना बाहेर खेळायला सोडा म्हणाले. सगळे ओळखीचे; एकाच्या लग्नात मी पंगत वाढली होती. कुणी म्हणालं, "सर, तुम्ही एक शाळा उघडी ठेवली की साहेब वर कळवतात, संप फसला." दुसरा म्हणाला, "पगार कापला जाईल म्हणून भिताय का?" काम नाही तर वेतन नाही, असं परिपत्रक मोबाईलवर फिरत होतंच. मी लेकरांचं सांगायला लागलो. तो म्हणाला, "आमची काय दगडं आहेत?" यावर मला उत्तर सुचलं नाही. चहा करतो म्हणालो. कुणी थांबलं नाही. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे काय ते सांगायला नको.

रात्री केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर हिरव्या बांगड्यांचं चित्र आलं. खाली नाव नव्हतं, पण अंगठे बरेच उठले. ते आधी बायकोनं पाहिलं. मला वाटलं, आता ही माझ्यावर चिडणार. ती चिडली, पण बांगड्यांवर. "या बघा," हात पुढे करून म्हणाली, "ह्या घालून मी दोन दिवस मंडपात उन्हात बसले. ज्याला ह्या शिवी वाटतात त्यानं ती टोपी काढून ठेवावी." गटावर तिनं तेच लिहिलं, शब्द थोडे सौम्य करून. गट रात्रभर गप्प. माझा कैवार घेतला असं मात्र तिनं कधी म्हटलं नाही. तिनं तो घेतलाही नव्हता.

गुरुवारी मीच शाळेत, गुरुवारीही खिचडी. संध्याकाळी आभाळ काळंनिळं झालं, वारं सुटलं आणि गारा आल्या. त्या आठवड्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी असंच झालं. उभा गहू आडवा, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा.

शुक्रवारी शाळा भरायच्या आधीच एक पालक येऊन बसले होते. म्हणाले, "गुरुजी, तलाठ्याला फोन लावा की. पंचनामा कोण करणार?" तलाठी संपात, ग्रामसेवक संपात. मी फोन लावला; उचलला नाही. ते उठताना म्हणाले, "तुम्ही तेवढे देवमाणूस. बाकी सगळे पगाराला सोकावलेत." त्यांच्या बरोबर त्यांचा मुलगा होता. माझाच विद्यार्थी. डी.एड. झालेला, टीईटी पास, नुकताच फेब्रुवारी-मार्चमधली टेट ही अभियोग्यता चाचणी देऊन आलेला आणि भरतीची वाट बघून थकलेला. 'निम्म्या पगारात आम्ही काम करतो' असे फलक धरलेल्या तरुणांचे फोटो त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. तो अगदी मनापासून म्हणाला, "सर, ते नाही आले तरी चालेल. निम्म्यात मी शिकवतो. तुम्ही तर आपल्याच बाजूचे."

सहा जणांनी व्हरांड्यात बसून जे झालं नाही ते या पोराच्या एका वाक्यानं झालं. कारण निम्म्यात शिकवणारा मी स्वतः होतो. २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा महिना तीन हजार मानधन, तीन वर्षं. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना पूर्ण पगार, मला तीन हजार, आणि शाळेचं झाडणंही माझ्याकडे. पूर्ण पगारवाले तेव्हा म्हणायचे, "मिळतंय ते घे, बाहेर रांग आहे." ती रांग आता माझ्यासमोर उभी होती आणि मला आपल्या बाजूचा म्हणत होती. त्याची चूक नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण माझ्या उघड्या शाळेचा उपयोग कशाला होतोय ते मला दिसलं. मी लेकरांसाठी थांबलो होतो, आणि गाव मला काठी करून माझ्या बायकोच्या पाठीत घालत होतं.

निषेध पचला होता, कौतुक पचलं नाही. असं माणसाचं होतं का, मला माहीत नाही, माझं झालं. प्रार्थना घेतली, लेकरांना घरी पाठवलं आणि कुलूप लावलं. ती मुलगी दप्तर घेऊन उभी राहिली. "सोमवारी यायचं का?" मी "बघू" म्हणालो. बघू हा शब्द मोठ्या माणसांनी लहानांसाठीच काढलेला असावा.

मंडपात पोचलो तेव्हा टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांची तोंडं टाळ्यांसारखी नव्हती. "या, मुहूर्त सापडला का?" सतरंजीवर जागा झाली ती अगदी कडेला, उन्हात. बायको बायकांच्या बाजूला पुढे बसली होती. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं. घरी आल्यावरही तिनं विचारलं नाही का आलात म्हणून. वडिलांनी विचारलं, "कितवा दिवस?" मी म्हणालो, "चौथा." ते "हं" म्हणाले. गावात दुसऱ्या दिवशी तेच पालक भेटले, नमस्कार न करता गेले.

शुक्रवार, शनिवार आणि सोमवार असा माझा संप झाला. सोमवारी, २० मार्चला संध्याकाळी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी झाली, संघटनांच्या समन्वय समितीचे विश्वास काटकर यांनी संप मागे घेतल्याचं सांगितलं. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती अहवाल देणार. मंडपातले कुणी पेढे आणायला निघाले, कुणी शिव्या दिल्या. दोन दिवसांवर पाडवा होता. ३१ मार्चच्या शासन निर्णयानं नव्या पेन्शनवाल्यांना सेवेत मृत्यू आला तर कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान लागू झालं. बायकोनं तो निर्णय मोबाईलवर उघडून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि आमटी वाढली. संपाचे दिवस पुढे रजेत धरले गेले. कुठल्या रजेत, यावर केंद्रात आठवडाभर काथ्याकूट चालला, आणि त्यातच माझं बारसं झालं.

द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक बोलत नसले की फार अवघड होतं. खडू हवा तर लेकराकरवी निरोप. "सर म्हणाले, डस्टर द्या." "सरांना सांग, घेऊन जा." लेकरांना गंमत वाटायची. २१ तारखेला मी नवोदयच्या पाच जणांना आकृत्यांचा घटक काढायला सांगितला. त्यांनी वह्या उघडल्या तर घटक सोडवून झालेला. तपासल्याच्या खुणाही लाल शाईत. मी विचारलं, कुणी घेतलं? पाचही जण खाली बघायला लागले. शेवटी एक बोलला, "त्या सरांनी. संध्याकाळी मारुतीच्या देवळात. तुम्ही कुलूप लावलं तवापासून, तीन दिवस. सांगू नका म्हणाले." दिवसभर मंडपात घोषणा देऊन ते संध्याकाळी परत वस्तीवर येत होते.

मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची चैत्रातली यात्रा आली. चुना वेचायच्या दिवशी रानात माणूस मावत नाही; आई राजा उदो उदोच्या गजरात सगळे वाकून चुनखडीचे पांढरे खडे शोधत असतात. बघतो तर हातभर अंतरावर आमचे सर. मागे सरकायला जागा नव्हती. मी म्हणालो, "आकृत्यांचा घटक तुम्ही घेतला म्हणे."

"कोण म्हणालं?"

"लेकरं."

त्यांनी खडा पुसला, कपाळाला लावला, ढिगावर टाकला. "संपात होतो मी. शाळेत पाऊल टाकलेलं नाही. देवळात बसलो होतो." मग दुसऱ्या खड्यासाठी वाकताना म्हणाले, "आणि तुम्ही कुठं होता तेव्हा?"

संपातल्या त्या शनिवारी संध्याकाळी मी घरी खाटेवर पडून टीव्हीवर संपाच्या बातम्या बघत होतो. उत्तर द्यायच्या आतच पालखी आली आणि गर्दीनं आम्हाला दोन बाजूंना ढकललं.