दुरुस्तीचा मुहूर्त

ज्या घरांत आपण राहतों तें आपलें नव्हे, आणि ज्याचें तें आहे तो त्यांत राहत नाहीं, अशी मुंबईच्या जुन्या वस्तींतील संसाराची स्थिति आहे. घर नीट राखण्याची जबाबदारी एकाकडे, घराची किल्ली दुसऱ्याकडे. भिंतीस ओल आली तर त्रास एकास, खर्च दुसऱ्यास. अशा दोघांत कलह झाला नाहीं तरच नवल! हा कलह पैशावरून होतो असें सर्वत्र समजलें जातें, व तें अगदींच खोटें आहे असें नाहीं. परंतु नायगांवांतील एका जुन्या चाळींत भाडेकरू म्हणून जन्म काढल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, दुरुस्तीचीं बरींचशीं कामें पैशावांचून अडत नाहींत, तीं दिवस न ठरल्यामुळें अडतात. कोणी केव्हां यावें, दार कोणी उघडावें, पाणी किती दिवस बंद ठेवावें, एवढ्या क्षुल्लक गोष्टी ठरल्या नाहींत म्हणून गळती वर्षानुवर्षें चालू राहते.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. मुंबईंत भाड्यावर सरकारी नियंत्रण प्रथम १९१८ सालीं आलें. पुढें १९४७ चा कायदा झाला व त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें हें प्रमाण मानलें. त्याची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आहे. त्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणें, उलट करार नसल्यास, घर राहण्याजोगें राखणें हें मालकाचें कर्तव्य आहे. त्यानें हयगय केली तर भाडेकरूनें किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, आणि त्यानंतर वाजवी मुदतींत काम न झाल्यास तें स्वतः करून घेऊन खर्च भाड्यांतून वळता करावा. मालकासही अठ्ठाविसाव्या कलमानें एक अधिकार आहे. आगाऊ सूचना देऊन वाजवी वेळीं तो घराची पाहणी करूं शकतो.

वाचतांना हें सर्व न्यायाचें वाटतें. पण त्याच चौदाव्या कलमांत अशी मर्यादा आहे कीं, एका वर्षांत वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असतां कामा नये. आम्ही शाळामास्तर, उदाहरण सोडवून दाखविल्यावांचून आमचें समाधान होत नाहीं. महिन्याचें भाडें २०० रुपये धरा. वर्षाचें २,४०० झालें. त्याचा चतुर्थांश ६०० रुपये. एवढ्या पैशांत आजच्या मुंबईंत गवंडी आपली थापी व ओळंबा घेऊन पुरा एक दिवसही उभा राहत नाहीं. आतां मालकाची बाजू घ्या. अशीं वीस बिऱ्हाडें असलीं तरी त्याचें महिन्याचें उत्पन्न ४,००० रुपये. त्यांतून तो कोणता वासा बदलणार आणि कोणती भिंत सावरणार? तेव्हां भाडेकरू कायद्याच्या बळावर फार कांहीं करूं शकत नाहीं, आणि मालक भाड्याच्या बळावर फार कांहीं करूं शकत नाहीं. उभयतांच्या हातीं पुरतेपणीं असलेली वस्तु एकच, ती म्हणजे वेळ. आणि नेमकी तीच दोघेही उधळतात.

कायद्यानें ‘वाजवी वेळ’ हे शब्द घातले, पण वाजवी म्हणजे कोणती हें प्रत्येक दारावर जाऊन त्यास सांगतां येत नाहीं. घरमालक व भाडेकरू यांचा संबंध आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत वास्तूचा विचार आहे. भाडेकरूस निष्कारण घालवून देऊं नये, व मध्येंच आपखुशीनें सोडून जाणाऱ्यानें वर्षाचें उरलेलें भाडें द्यावें, असे नियम तेथें आढळतात. गवंडी सकाळीं पाठवावा कीं दुपारीं, हें मात्र कौटिल्यानेंही ज्याचें त्यावर सोंपविलें आहे!

ही गोष्ट दिसते तितकी हलकी नाहीं, हें गळतीची रीत समजली म्हणजे ध्यानांत येतें. पाणी वरच्या बिऱ्हाडाच्या मोरींतील फरशीच्या सांध्यांतून झिरपतें आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर उमटतें. म्हणजे दुखणें एकाच्या घरीं, औषध दुसऱ्याच्या घरीं, आणि वैद्याची फी तिसऱ्याकडे. इमारत लांकडी तुळयांची असेल तर भिंतींत गेलेलीं तुळयांचीं टोकें कुजतात. सिमेंट कॉंक्रीटची असेल तर पाणी आंतील लोखंडी सळईपर्यंत पोहोंचतें, सळई गंजते, गंजतांना फुगते, आणि फुगतांना भोंवतालचें कॉंक्रीट फोडून काढते. दुरुस्ती लांबणीवर पडली म्हणजे काम आहे तेथेंच थांबलें असें होत नाहीं. दुखणें आंतून वाढतच असतें.

आमच्या बिऱ्हाडीं असाच प्रसंग आला होता. वरच्या मोरीचें पाणी आमच्या माजघराच्या छतांत उतरूं लागलें. मालकांचे मेहता भले गृहस्थ. तक्रार जातांच फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनीं माणसें धाडलीं, पण आगाऊ निरोप कांहीं नव्हता. वरच्या घरीं मुलीची बारावीची परीक्षा चालू. त्यांनीं माणसें परत लावलीं. गवंडी दुसऱ्या कामास लागला. तो पुन्हां आला तो मे महिन्यांत. तेव्हां वरच्या दारास कुलूप, मंडळी कोंकणांत गेलेली. तिसऱ्या खेपेस पावसानें गांठलें. आणि जुलैच्या एका रात्रीं पोळपाटाएवढा गिलाव्याचा तुकडा आमच्या नातवाच्या पाळण्यापासून दोन हातांवर येऊन पडला.

दुसऱ्या दिवशीं मेहता आले. ते म्हणाले, “मास्तर, माणसें पाठवायला माझी ना नाहीं, पण दार उघडें मिळेल याची हमी कोण देतो?” वरच्या काकू म्हणाल्या, “गुरुजी, दार लावून घेण्याची हौस कां आहे कोणाला? आदल्या दिवशीं कोणी सांगेल तर ना!” दोघांचेंही म्हणणें खरें होतें, आणि दोन खऱ्यांच्या मध्यें आमचा पाळणा होता.

तेव्हां पाळणा दुसऱ्या खोलींत हलवून छतास टेकू दिला, आणि सर्वांनीं मिळून भिंतीवरचें कॅलेंडर खालीं घेतलें. एका कागदावर कामाचा क्रम लिहिला: पहिल्या दिवशीं मोरीची फरशी उखडणें, मग पाणी न झिरपण्याचा थर देणें, तो वाळल्यावर मोरी तुंबवून एक अहोरात्र पाणी भरून ठेवणें व खालून छत पाहणें, छत कोरडें राहिलें तरच वर फरशी बसविणें, आणि सर्वांच्या शेवटीं खालचा गिलावा करून त्यावर सात दिवस पाणी मारणें. प्रत्येक कलमापुढें तारीख, वेळ, आणि दार उघडणाऱ्याचें नांव घातलें. तितके दिवस वरच्या बिऱ्हाडानें स्नानास आमच्या मोरींत यावें असें ठरलें. कागदाच्या तीन प्रती झाल्या, तीन सह्या झाल्या, आणि डिसेंबरांत काम पार पडलें. पुढल्या पावसाळ्यांत छतावर डाग उमटला नाहीं. मजुरी नेहमींच्याच दराची होती, माणसेंही तींच होतीं; नवा होता तो फक्त कागद.

डिसेंबरच कां, हेंही सांगितलें पाहिजे. पाऊस सूर्याच्या गतीनें चालतो. मृग नक्षत्र दरसाल ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागतें, व मुंबईंत पाऊस त्याच आठवड्याच्या आगेंमागें येतो. उलट आपले सण चांद्रमासाचे असल्यामुळें दिवाळी कधीं ऑक्टोबरच्या मध्यावर, तर कधीं नोव्हेंबरच्या मध्यावर येते. म्हणून ‘दिवाळीपूर्वीं करून घेऊं’ हा वायदा भरवंशाचा नव्हे; ज्या वर्षीं दिवाळी लवकर येते त्या वर्षीं भिंती अजून ओल्याच असतात, व ओल्या भिंतीवरचा रंग फुगून निघतो. मे महिना मालकांस सोयीचा वाटतो, कारण कोंकणांत घर शाकारण्याची ती जुनी वेळ. परंतु मुंबईंतील निम्मी चाळ त्याच महिन्यांत गांवीं गेलेली असते. फेब्रुवारी-मार्च हे मुलांच्या परीक्षांचे दिवस. राहतां राहिले नोव्हेंबरचा उत्तरार्ध, डिसेंबर व जानेवारी. भिंती सुकलेल्या असतात, माणसें घरीं असतात, पाऊस दूर असतो. मोठीं कामें तेव्हांच धरावीं, आणि मे महिन्यांत फक्त गच्ची, पन्हळी व कौलें पाहावीं, कारण त्यांस कोणाच्या घराची किल्ली लागत नाहीं.

घरमालक सरकार असलें तरी ही अडचण चुकत नाहीं. आमच्या नायगांवांतच बी.डी.डी. चाळी आहेत. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांपैकीं ४२ नायगांवच्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळींत ८० खोल्या, व खोली १६० चौरस फुटांची. येथें मालक राज्य सरकार, आणि देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. खासगी मालकांच्या जुन्या इमारतींसाठीं १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला; या इमारतींवर उपकर बसला, व आतां तें मंडळ म्हाडाच्या अंगभूत आहे. मंडळाचे अभियंते पावसाळ्यापूर्वीं पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी दरवर्षीं जाहीर करितात. तथापि खातें असो, मंडळ असो, किंवा मेहता असो, शेवटीं एक गवंडी एका दारासमोर उभा राहतो, आणि तें दार त्या वेळीं उघडलें पाहिजे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. वर सांगितलेली सवडीची भाषा दुरुस्त होण्याजोग्या घरापुरतीच. महानगरपालिकेनें १८८८ च्या अधिनियमाच्या ३५४ व्या कलमाखालीं इमारत धोकादायक ठरविली म्हणजे तिथिवार पाहत बसूं नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत पडून तिसांहून अधिक माणसें दगावलीं. १६ जुलै २०१९ रोजीं डोंगरीस इमारत कोसळून दहांहून अधिक गेलीं. दोन्ही वेळां दिवस पावसाळ्याचे होते. घर सोडलें तर हक्क जाईल, ही भीति लोकांस जागेवर खिळवून ठेवते. परंतु घर पाडलें गेलें एवढ्यानेंच भाडेकरूचा हक्क संपत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिलेला आहे. भाड्याच्या पावत्या, वीजबिलें व नोटिसा एका पेटींत ठेवाव्या, पेटी उचलावी, आणि माणसांनीं बाहेर पडावें.

आतां एकत्र कुटुंबांतील वाचकांस दोन शब्द. दुरुस्तीचा ठराव पुरुष करितात आणि धूळ गृहिणीच्या वांट्यास येते. यास्तव तारीख ठरविण्यापूर्वीं घरांतील सुनांस व सासूबाईंस विचारावें. श्राद्धतिथि कोणती, बाळंतीण केव्हां येणार, नळास पाणी किती वाजतां येतें, हें त्यांस जितकें ठाऊक असतें तितकें कर्त्या पुरुषास नसतें. घरांतील एकानेंच मेहतांशीं बोलावें. चार भावांनीं चार वेळा सांगितल्या तर गवंडी एकाही वेळीं येत नाहीं. गांवीं जातांना किल्ली शेजारीं ठेवावी. तोंडी कबुलीवर विसंबूं नये. तारीख लिहून घ्यावी, आणि ती मोडावी लागली तर आदल्या दिवशींच कळवावें. हा नियम मालकास जितका लागू, तितकाच आपणांसही. शेवटची गोष्ट कारागिराविषयीं. देव्हारा एक दिवस दुसऱ्या खोलींत गेल्यानें देव रुसत नाहींत. पण उन्हांतून आलेल्या माणसास उंबरठ्याबाहेर ताटकळत ठेवलें, त्यास पाण्याचा तांब्या दिला नाहीं, तर त्याचा हात कामावर रमत नाहीं, हें आम्हीं पाहिलें आहे.

बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडानें २०१७ सालीं हातीं घेतला. वरळीस ऑगस्ट २०२५ मध्यें पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. आज ना उद्यां जुन्या चाळींतील बहुतेक भाडेकरू असेच मालक होतील, आणि मेहतांच्या खुर्चीवर सोसायटीचे चिटणीस बसतील. ती सुखाचीच गोष्ट आहे. पण तेथेंही एकाच्या मोरीखालीं दुसऱ्याचें छत असणारच. ज्यांनीं चाळींत असतांना वरच्या-खालच्यांची वेळ सांभाळण्याची संवय लावून घेतली, त्यांस त्या उंच इमारतींतही शेजार लाभेल. बाकीच्यांस केवळ वाढीव चौरस फूट मिळतील.