कळकलेलं

नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, की माझ्या टेबलावर फिश फाइंडर यायला लागतात. "मावशी, मेलं का गं हे?" तांडेलाचा पोरगा विचारतो. झाकण उघडलं की आधी खारा दमट वास येतो, मग कोपऱ्यातल्या कनेक्टरपाशी हिरवा डाग दिसतो. आई असती तर एका शब्दात म्हणाली असती, कळकलंय.

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी राहिली की कळकते, तेच हे. सर्किट बोर्ड म्हणजे तरी काय, तांब्याच्या रेघा आणि सांध्यांवर कथील. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर भुरभुरायचा, भस्सकन पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्यामागून चांदीसारखी लकाकी पसरत जायची. आम्ही सोल्डरच्या आधी राळेचा फ्लक्स लावतो. काम एकच, तांब्याचं तोंड स्वच्छ करायचं, म्हणजे कथील धरतं. नाही धरलं की ड्राय सोल्डर. वरून शहाण्यासारखा दिसणारा, होडी हेलकावली की हात सोडणारा.

मी हे शिकले अंधेरीच्या सीप्झमध्ये, टेस्टिंगच्या टेबलावर. बोर्ड ठेवायचा ते फिक्श्चर म्हणजे शेकडो स्प्रिंगच्या पिना, टोकं वर करून उभ्या. आम्ही मुली त्याला शरपंजर म्हणायचो. दांडा ओढला की बोर्ड भीष्मासारखा त्यावर टेकायचा, पिना त्याचा एकेक रेझिस्टर, एकेक कपॅसिटर मोजून घ्यायच्या, आणि दिवा लागायचा. हिरवा किंवा लाल.

एका दुपारी लागोपाठ अकरा लाल. जागा तीच. मी अकराही बोर्डांवर रिजेक्टचे लाल बाण चिकटवले, जरा ऐटीतच. आमच्या सुपरवायझर बाई आल्या. बोर्डांकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून ब्रशने एक पिन घासली. टोकावर राळेचा मधाच्या रंगाचा थर बसला होता. अकराही बोर्ड पास झाले. बाण सोलून काढायला मात्र मला अर्धा तास लागला.

गावी परतल्यावर अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून जाताना मला ती पिन आठवते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी कुलाब्याला 1841 पासून चालली होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बहकणार हे उघड होतं. म्हणून 1904 मध्ये खाडीपलीकडे अलिबागला वेधशाळा आली. दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, आकडे ताडून पाहिले, मगच कुलाब्याची थांबवली. इथली उपकरणांची इमारत बांधताना लोखंड टाळलं. खिळासुद्धा लोखंडाचा नको! पृथ्वीला प्रश्न विचारण्याआधी घरातला खिळा तपासणारी ती माणसं मला आमच्या बाईंच्याच नात्यातली वाटतात.

हिरवा डाग मी स्पिरिटने, जुन्या टूथब्रशने घासते. खाली रेघ शाबूत आहे की खाऊन टाकलीय मिठाने? मीटरचे प्रोब दोन टोकांना लावते. आवाज नाही. पोरगा पुढे झुकतो.

"तुटलीय ना?"

"थांब रे. अजून माझंच बघतेय," म्हणत मी प्रोबची टोकं पदराला पुसते आणि आधी एकमेकांना टेकवते.